तळटीप : मणिपूर रोड

७. मणिपूर रोड : हे रस्त्याचे नव्हे, तर दिमापूरच्या रेल्वे स्थानकाचे तेव्हाचे नाव. स्थानक मणिपुरात नसून ब्रिटिश आसाम प्रांतात होते. इंफाळला जाणारी मोटारसडक तिथून सुटे, म्हणून हे नाव. ही सडक कोहिमावरून सुमारे २१५ किलोमीटरांची. ८ मार्च १९४२ रोजी जपान्यांनी रंगून घेतले. समुद्रमार्ग तुटल्यावर ब्रह्मदेशातले हिंदी लोक तामूहून डोंगरातल्या पायवाटेने पालेलला उतरत आणि पुढे इंफाळवरून या स्थानकाला लागत. मजकुरातली ‘मणिपूर रोडला गाडी दिसली’ ही ओळ त्यामुळे पायपीट संपल्याची खूण आहे.

आसामात त्या वेळी मंत्रिमंडळ नव्हते. शिलाँगहून गव्हर्नरची राजवट चाले. वाटेवरच्या छावण्या उभारणे आणि रस्ता करणे हे काम बरेचसे चहामळेवाल्यांच्या संघटनेने अंगावर घेतले. प्रत्यक्ष कुदळ-फावडे मात्र मळ्यांतल्या मजुरांच्या हाती होते. लेखकाला छावणीत मिळालेल्या भाताच्या आणि गरम चहाच्या उल्लेखामागे त्यांचे कष्ट आहेत, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. गोऱ्यांची सोय निराळी आणि हिंदी लोकांची निराळी, ही तक्रार तेव्हा देशभर गाजली. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते. पुढच्या परिच्छेदातले ‘बापूजी’ ते हेच.