डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशनमधील ध्वनिसंपादन

डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशनमधील ध्वनिसंपादन म्हणजे संगणकावर मुद्रित केलेला ध्वनी कापणे, जोडणे, सरकवणे आणि त्याची लांबी किंवा स्वर बदलणे. संपादनानंतर मूळ ध्वनिमुद्रण शाबूत राहते की नाही, हा अशा सॉफ्टवेअरांच्या तुलनेतील कळीचा मुद्दा आहे.

पार्श्वभूमी

चुंबकीय फितीच्या काळात संपादक फीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडत. चुकीचा काप सुधारणे अवघड असे. १९९१ साली आलेल्या प्रो टूल्ससारख्या प्रणालींमुळे हे काम संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले.

संपादनाच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत बदल थेट ध्वनीच्या आकडेवारीवर लिहिला जातो. दुसऱ्या पद्धतीत मूळ फाइल तशीच राहते. तिचा कोणता भाग केव्हा आणि किती मोठ्याने वाजवायचा, एवढ्याच नोंदी प्रकल्पात साठवल्या जातात. त्यामुळे कापलेला भाग केव्हाही परत मिळवता येतो. मात्र प्रकल्प मूळ फाइलींवर अवलंबून असल्याने त्या हरवल्यास केवळ नोंदी उरतात आणि ध्वनी वाजत नाही.

प्रमुख सॉफ्टवेअरांची तुलना

ऑडॅसिटी: २००० साली प्रसिद्ध झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर प्रामुख्याने पहिल्या पद्धतीचे होते. प्रकल्प बंद केल्यावर त्यात आधीचे बदल मागे घेता येत नाहीत. आवृत्ती ३.१ मध्ये क्लिपच्या कडा आत घेऊन पुन्हा उघडण्याची आणि ३.२ मध्ये ध्वनी वाजत असतानाच इफेक्ट लावण्याची सोय आली.

प्रो टूल्स: यात शफल, स्लिप, स्पॉट आणि ग्रिड या चार संपादनरीती आहेत. शफलमध्ये एक तुकडा काढल्यास पुढील तुकडे आपोआप जवळ सरकतात. स्लिपमध्ये रिकामी जागा तशीच राहते. स्पॉटमध्ये तुकडा नेमक्या वेळेवर ठेवता येत असल्याने ती रीत चित्रपटाच्या ध्वनीसाठी सोयीची ठरते. ग्रिडमध्ये तुकडे ठरावीक अंतरांवर बसतात. लय हळूहळू वाढत जाणाऱ्या ख्यालगायनासारख्या मुद्रणाला स्थिर लयीचे ग्रिड जुळत नाही.

रीपर: यात एकाच तुकड्यात अनेक टेक साठवून त्यांतील उत्तम भाग निवडता येतात.

एबलटन लाइव्ह: यातील वॉर्प सुविधेने स्वर न बदलता ध्वनीची गती बदलता येते, गती फार बदलल्यास मात्र आवाजात कृत्रिमपणा जाणवतो.