फाटक्या आवाजाचं घराणं

मार्च १९५१ मध्ये आइक टर्नर यांचा वाद्यवृंद मिसिसिपीहून मेम्फिसला रेकॉर्डिंगसाठी निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर बिघडला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्स यांनी त्यात कागदाचे बोळे कोंबले आणि तो खरखरता, फाटका आवाज तसाच मुद्रित केला. ते गाणं ‘रॉकेट ८८’. रॉकचं पहिलं गाणं कोणतं, या वादात त्याचं नाव आजही निघतं.

ॲम्प्लिफायरवर पेलवेल त्याहून जास्त भार पडला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. मग नवे उपस्वर उमटतात, सूर जाड होतो आणि रेंगाळतो. मेम्फिसमध्ये अपघातानं घडलेली ही गोष्ट १९५८ मध्ये गिटारवादक लिंक रे यांनी हातानं घडवली. त्यांनी स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. त्यांच्या ‘रम्बल’ला शब्दच नाहीत, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकर ब्लेडनं चिरला. तिकडे नॅशव्हिलमध्ये मिक्सरच्या बिघाडातून निघालेला असाच आवाज ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी पायानं दाबायच्या डबीत बसवला. १९६२ मध्ये ही ‘फझ-टोन’ डबी बाजारात आली आणि १९६५ मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या पायाखालून ती जगभर पोचली.

तोवर हा आवाज गाण्यात फोडणीसारखा पडे. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडनं त्याचंच जेवण केलं.

सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी आधी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्या करून सूरच खाली आणला. स्वरमेळही सोपे केले, बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच. फाटक्या आवाजात जास्त सूर एकत्र आले की चिखल होतो, हे दोन मात्र डोंगरासारखे उभे राहतात. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं षड्जावरून तीव्र मध्यमावर जाऊन थांबतं, आणि त्या अंतराची धास्ती अजून ओसरलेली नाही.

समीक्षकांनी त्या अल्बमला झोडपलं. पहिलं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर २५ वर्षांनी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चं दार उघडतं, पण सॅबथला आत यायला २००६ उजाडलं. त्यांचा गौरव करायला उभे राहिले नंतरच्या पिढीतल्या ‘मेटालिका’चे वादक.

थोर बँड कोणता, हे मी तिथे ओळखतो. खप आणि पुरस्कार काळाबरोबर मागे पडतात. नंतरच्यांना ज्याची भाषा शिकल्यावाचून स्वतःचं बोलता येत नाही, तो बँड थोर. फाटका आवाज अनेकांना सापडला होता. सॅबथनं त्याचं घराणं केलं.

५ जुलै २०२५ ला, सॅबथचे चौघे वादक जिथे वाढले त्या ॲस्टनमधल्या व्हिला पार्कवर, त्यांची अखेरची मैफल झाली. आधी मेटालिका, टूल, गन्स अँड रोझेस येऊन सॅबथचीही गाणी वाजवून गेले. मग ते चौघे आले. आयोमीच्या बोटांवर तेव्हाही टोपणं होती.