वकील आणि अशील
तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठहून प्रतापगड फार दूर नाही. इ. स. १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीपूर्वी महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ बोलणी करीत होते. त्या काळी वकील म्हणजे धन्याची वाणी. ती चुकली, तर प्राणांशी गाठ. इंग्रजी अमदानीत हाच शब्द कोर्टात रूढ झाला. जोखीम मात्र अशिलाचीच राहिली. तारीख वकील चुकवितो, जमीन अशिलाची जाते. १९८१ साली वकिलाच्या गैरहजेरीमुळे फेटाळलेले एका खेडूताचे अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले. पण २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिली ग्राहककायद्याबाहेर ठेवली. गैरवर्तनाची दाद १९६१ च्या कायद्यान्वये बार कौन्सिलकडे मागता येते; तथापि शिक्षेने गेलेले शेत परत येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, पारख वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीच करावी.