पाण्याने आखलेली वाट

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी या खेड्यापासून मार्ला या हमरस्त्यावरील थांब्यापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा जो कच्चा रस्ता वाळवंटातून जातो, त्याला ऊडनाडाटा मार्ग म्हणतात. जुनी गाडी, पाण्याचे कॅन आणि जादा चाके घेऊन येणारे देशोदेशीचे तरुण भटके आज या रस्त्याने जातात आणि माणसाचा वावर नसलेल्या मुलखातून आपण जात आहोत, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. कारण विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही दोन वस्तीची ठिकाणे सोडली तर वाटेत पेट्रोलही मिळत नाही. प्रत्यक्षात मात्र ही या खंडातील अत्यंत जुन्या आणि वापरत्या वाटांपैकी एक आहे. ती सरळ न जाता काटी थांडा, म्हणजेच लेक एअर, या खाऱ्या सरोवराला दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून वळसा घालून जाते, याचे कारण जमिनीखाली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भूभागाखाली सच्छिद्र खडकाच्या थरांत प्रचंड जलसाठा आहे. पूर्वेकडील डोंगरांत मुरलेले पावसाचे पाणी लाखो वर्षे सरकत या कोरड्या कडेपर्यंत पोहोचते आणि दाबामुळे भेगांतून वर येते. या पाण्यातील क्षार साचून झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो, म्हणून अशा झऱ्यांना टेकाडझरे म्हणता येईल. ते जवळजवळ एका रेषेत असल्याने ज्याला तहान भागवत पुढे जायचे होते, त्याला हीच रेषा धरणे भाग होते. अराबाना आणि इतर मूळ रहिवासी समाजांनी ती प्रथम ओळखली. फ्लिंडर्स डोंगररांगेतील तांबडी काव, दळणाचे दगड आणि पिटुरी नावाची उत्तेजक वनस्पती यांचा दूरवरचा व्यापार याच पाणवठ्यांच्या आधाराने चालत असे.

जॉन मॅकड्यूआल स्टुअर्ट या संशोधकाने १८५९ पासून याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे मोहिमा काढल्या आणि १८६२ मध्ये उत्तर किनारा गाठला. त्याच्या मागावरून १८७० ते १८७२ या काळात पोर्ट ऑगस्टा ते डार्विन अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची तारयंत्राची ओळ उभी राहिली आणि समुद्रतळाच्या केबलद्वारे ऑस्ट्रेलिया लंडनशी जोडला गेला. ‘शोध’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो, कारण त्या शोधाला आधार देणारे पाणवठे अराबाना लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

या उभारणीतील उंटवाल्यांच्या वाट्याला मात्र इतिहासग्रंथांत फार थोडी जागा आली. बैल आणि घोडे या मुलखात टिकेनात, म्हणून टॉमस एल्डर या जमीनदाराने १८६६ मध्ये कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांना हाकणारी माणसे आणली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. वास्तविक त्यांत बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबातील लोकही होते. तारेचे खांब, रूळ, पीठ, लोकरीचे गठ्ठे असे सारे काही त्यांच्या तांड्यांनी वाहिले. धडधाकट नर उंट अर्ध्या टनापर्यंत ओझे उचलत असे. मरीमध्ये रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती होती आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व मूळ रहिवासी राहत. तेथेच त्यांनी मातीच्या भिंतींची मशीद बांधली आणि खजुराची झाडे लावली. १९०१ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर मायदेशातून कुटुंब आणणे बहुतेकांना अशक्य झाले. पुढे मोटार ट्रक आले, १९२५ मध्ये मोकाट उंट मारण्यास मुभा देणारा कायदा झाला, आणि ज्यांनी जन्मभर जनावर सांभाळले त्यांपैकी अनेकांनी त्याला गोळी घालण्यापेक्षा रानात सोडून दिले. आज त्या वाळवंटात दिसणारे रानटी उंट बहुतांशी अशाच जनावरांचे वंशज आहेत.

वाफेच्या इंजिनालाही पाणी लागे, त्यामुळे लोहमार्गही याच झऱ्यांलगत टाकला गेला. तो १८९१ मध्ये ऊडनाडाटापर्यंत आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत गेला. पाण्यातील क्षारांनी इंजिनांचे बॉयलर खराब होत, म्हणून कर्डीमर्का येथे पाणी मृदू करणारा उंच मनोरा उभारावा लागला. अकस्मात येणाऱ्या पुरांनी मार्ग वारंवार वाहून जाई. अखेर १९८० मध्ये पश्चिमेला, पुरापासून दूर नवा लोहमार्ग सुरू झाल्यावर जुना बंद पडला. नील्स नदीवरचा अर्ध्या किलोमीटरहून लांब लोखंडी पूल आणि ओसाड स्थानके आजच्या प्रवाशांना वाटेत दिसतात, ती त्या काळातली.

ज्या पाण्यामुळे ही वाट झाली, त्याची स्थिती मात्र चिंतेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुरांसाठी खोदलेल्या बोअरवेलमधून पाणी कित्येक दशके अनिर्बंध वाहत राहिले आणि १९८० च्या दशकापासून खाणींसाठीही उपसा सुरू झाला. परिणामी भूगर्भातील दाब उतरला आणि काही झऱ्यांचा ओघ मंदावला. उघड्या बोअरवेलना झडपा बसवण्याचे काम आता बऱ्याच अंशी झाले असले, तरी उपशाचा प्रश्न मिटलेला नाही. अराबाना लोकांचा या भूमीवरील पारंपरिक हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केला असून, झऱ्यांतील पाणी किती घटले हे आज तेच सर्वांत आग्रहाने विचारत आहेत.