बापाचं नाव नसलेली वंशावळ

ज्याच्या घरी वही, त्याचीच वंशावळ. बाकीच्यांची नुसती डोकी मोजतात, गुरं मोजावीत तशी.

दोस्तांनो, अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हापासूनच्या एका घराण्याची वंशावळ इथं मांडतोय. घराणं हेमिंग्ज, मुलूख व्हर्जिनिया. १७७६ साली 'सर्व माणसं समान' असा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन या घराण्याचा मालक होता. आणि सोयराही. पण सोयरा हा शब्द इथं खोटा आहे. सोयरिकीला दोन्हीकडची मर्जी लागते.

आधी कायदा बघा, मग माणसं. १६६२ साली व्हर्जिनियानं कायदा केला, की मूल स्वतंत्र का गुलाम ते आईवरून ठरणार. खुद्द इंग्रजांच्या देशात मूल बापाच्या मागं जायचं. इथं काळ्या गुलाम बाईला गोऱ्या मालकापासून पोर झालं की बाप कागदावरून गायब आणि पोर मालकाच्या मालमत्तेत जमा. अत्याचाराला शिक्षा नाहीच, वर नफा.

आता पिढ्या मोजू. पहिली, आफ्रिकी वंशाची एक बाई. तिच्या पणतूनं सांगितलेल्या हकिगतीतही तिचं नाव नाही. दुसरी, तिची मुलगी एलिझाबेथ, जन्म १७३५ च्या सुमाराचा. बाप हेमिंग्ज नावाचा इंग्रज जहाजाचा कप्तान. तो म्हणे पोर विकत मागत होता. मालकानं दिली नाही. काळ्या-गोऱ्याचं हे पोर पुढं कसं निपजतं ते त्याला बघायचं होतं!

पुढं जॉन वेल्स या मालकापासून एलिझाबेथला सहा मुलं झाली. धाकटी सॅली, जन्म १७७३ चा. त्याच साली वेल्स मेला. त्याची लग्नाची मुलगी मार्था आदल्याच वर्षी जेफरसनची बायको झाली होती. बापाच्या इस्टेटीत तिला जमीन आली, कर्ज आलं आणि हेमिंग्ज माणसं आली. नीट वाचा. सॅली मार्थाची सावत्र बहीण होती. एक बहीण मालकीण, दुसरी तिच्या वाटणीला आलेली वस्तू.

१७८२ साली मार्था वारली. १७८७ साली चौदा वर्षांची सॅली जेफरसनच्या मुलीसोबत पॅरिसला गेली. जेफरसन तिथं अमेरिकेचा वकील होता, तिच्याहून तीस वर्षांनी मोठा. फ्रान्समध्ये ती कोर्टात जाऊन सुटका मागू शकत होती. तिचा मुलगा सांगतो, ती परत यायला तयार नव्हती. पुढं होणारी मुलं एकवीस वर्षांची झाली की मोकळी करीन असा शब्द जेफरसननं दिला, तेव्हा ती आली. सोळा वर्षांच्या पोरीनं न जन्मलेल्या लेकरांसाठी केलेला हा सौदा. वाटाघाटी काय फक्त राजकारणीच करतात?

तिची चार मुलं जगली. बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन, एस्टन. जेफरसनच्या शेतीच्या वहीत त्यांच्या जन्माच्या नोंदी आहेत, कापडाच्या आणि मासळीच्या वाटपाच्या नोंदी आहेत. बापाचं नाव नाही.

४ जुलै १८२६ ला जेफरसन मेला. मृत्युपत्रानं सुटले पाच जण, सगळे हेमिंग्ज घराण्यातले पुरुष. मॅडिसन आणि एस्टन त्यातच. सॅलीचं नाव त्यात नाही. मालमत्तेच्या यादीत तिची किंमत लावली ५० डॉलर. पुढं जेफरसनच्या मुलीनं तिला नुसतं जाऊ दिलं. १८२७ च्या जानेवारीत बाकीच्या १३० माणसांचा लिलाव पुकारला. जो फॉसेट हा लोहार मृत्युपत्रानं मोकळा झाला होता, पण त्याची बायको आणि पोरं लिलावात गेली.

१८७३ साली ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात मॅडिसन हेमिंग्जची हकिगत छापून आली. हा माणूस सुतारकाम करून पोट भरायचा. त्यानं पणजीपासून स्वतःपर्यंतच्या पिढ्या सांगितल्या आणि बापाचं नाव घेतलं. त्याच १८७३ साली इकडं जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. दोघंही एकाच वर्षी बोलत होते.

मॅडिसनचं कुणी ऐकलं? जेफरसनच्या नातवंडांनी त्याच्या भाच्यांवर बोट दाखवलं. मोठमोठ्या इतिहासकारांनी मालकाच्या नातवंडांचा शब्द धरला, गुलामाच्या पोराचा टाकला. दोन्हीकडं कानावर आलेलीच साक्ष होती. वजन मात्र कातडी बघून केलं.

१९९७ साली अ‍ॅनेट गॉर्डन-रीड या काळ्या बाईनं, त्या कायद्याच्या प्राध्यापक, पुस्तक लिहून हाच पक्षपात उघडा पाडला. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफरसन घरीच होता, हे त्याच्याच कागदांवरून निघत होतं. १९९८ साली रक्त तपासलं. बापाकडून मुलाकडं जाणारी खूण एस्टनच्या वंशजात आणि जेफरसनच्या चुलत्याच्या वंशजात जुळली. भाच्यांच्या घराण्याशी जुळली नाही. रक्त घराणं सांगतं, नेमका माणूस सांगत नाही. तो कागदांनी आणि मॅडिसनच्या शब्दानं सांगितला. २००० साली जेफरसनचं घर सांभाळणाऱ्या संस्थेनंही ते बहुतांशी मान्य केलं. तरी २००२ साली जेफरसनच्या मुलींच्या वंशजांच्या संघटनेनं मतदान करून हेमिंग्ज वंशजांना घराण्याच्या कबरस्तानात जागा नाकारली. मेल्यावरही स्मशान वेगळं. हे आपल्याला नवं नाही.

साच्यावर सूत तुटलं की दोन्ही टोकं हुडकून गाठ मारावी लागते. इथं एक टोक मालकाच्या वहीत होतं, दुसरं आईनं लेकाला सांगितलेल्या गोष्टीत. वहीवाल्यांनी फक्त वहीचं टोक धरलं, म्हणून गाठ बसायला सव्वाशे वर्षं लागली. मालकाची वही फेकून देऊ नका. तो कापड आणि मासळी मोजताना स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवतो. पण ती वही वाचायची किल्ली आपल्या घरातल्या म्हातारीकडं आहे.

मॅडिसनला आजीचं नाव ठाऊक होतं, पणजीचं आपल्यापर्यंत पोचलं नाही. आजी आहे तोवर तिच्या आजीचं नाव विचारून घ्या. कुठल्या गावची, कुणाच्या वाड्यावर राबली, कोणत्या दुष्काळात गाव सोडलं, सगळं तारखेसकट लिहा. लिहून चार जणांना वाचून दाखवा.