नवा मोठा टीव्ही घेताय? आधी भिंत ठरवा

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे जुन्या करासह 40,000 रुपयांना मिळणाऱ्या टीव्हीची किंमत, बाकी काही बदललं नाही तर, साधारण 36,875 रुपये व्हायला हवी. 32 इंच आणि त्याखालच्या टीव्हीवर 18 टक्के कर आधीपासूनच होता, त्यामुळे छोट्या टीव्हीत या बदलाने काही स्वस्त झालेलं नाही. दुकानदार "जीएसटी कमी झाला" म्हणून 32 इंची टीव्ही पुढे करत असेल तर हे लक्षात असू द्या.

कर कमी झाल्यापासून वाशी, नेरूळ, पनवेलमधली बरीच कुटुंबं 43 आणि 55 इंचांची चौकशी करू लागली आहेत. दुकानात सगळेच टीव्ही छान दिसतात. पण दुकान मोठं, छत उंच, दिवे भरपूर. तिथे 55 इंच लहान वाटतो आणि घरी आणल्यावर तोच अर्धी भिंत व्यापतो. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी घरात टेप घेऊन उभं राहा आणि टीव्ही कुठल्या भिंतीवर लागणार ते ठरवा.

आपल्या घरांत या प्रश्नाला एक जास्तीचा पदर आहे. नवी मुंबईतून किबला जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. वन बीएचकेमध्ये जानमाज बहुधा हॉलमध्येच अंथरली जाते. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर नमाजच्या वेळी तो थेट समोर येतो. बंद असला तरी काळ्या काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि लक्ष विचलित होतं. दुसरं कारण पावसाचं. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती आधी ओलावतात. सिडकोच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. ओल धरणाऱ्या भिंतीला लागून टीव्ही ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं.

मग पूर्वेची भिंत? हॉलची खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी तीननंतर ऊन पूर्वेच्या भिंतीवर, म्हणजे सरळ स्क्रीनवर पडतं. पडदे ओढल्याशिवाय काही दिसत नाही. राहिल्या उत्तर आणि दक्षिण. या दोन्हींपैकी जी घराच्या आतली भिंत असेल, पलीकडे बाथरूम नसेल आणि जिच्यावर प्लगचा बोर्ड जवळ असेल, ती बहुतेक घरांत सगळ्यात बरी ठरते. प्रत्येक घराची दिशा वेगळी, पण विचार याच क्रमाने करावा.

आता माप. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. पट्टीने पाहिलं तर 32 इंची पडद्याची रुंदी साधारण 71 सेंटीमीटर, 43 इंचीची 95, 50 इंचीची 111, 55 इंचीची 122 आणि 65 इंचीची 144. तेवढ्या रुंदीचं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून दोन दिवस बघा. हसू येईल, पण घरच्यांचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

अंतराचा हिशेबही सोपा आहे. पडद्याच्या रुंदीच्या पावणेदोन ते दोनपट अंतरावर डोळे असले की बघायला आरामशीर वाटतं. म्हणजे 43 इंचांसाठी साधारण सहा फूट, 55 साठी साडेसात, 65 साठी पावणेनऊ. आपले हॉल बहुधा नऊ-दहा फूट रुंद. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलं की डोळे भिंतीपासून दोन फूट पुढे येतात, टीव्हीही भिंतीपासून थोडा पुढे असतो. दहा फुटांतले साडेसात उरतात. तिथे 55 बसतो. नऊ फुटांच्या हॉलला 43 किंवा 50 पुरे. 65 इंच अशा हॉलमध्ये घेणं ही निव्वळ हौस आहे. हौस करू नये असं नाही, पण पैसे तेवढ्यासाठी जातात हे माहीत असावं.

उंचीत सगळेच चुकतात. बसवणारा मुलगा उभा राहून ड्रिल मारतो, त्यामुळे टीव्ही उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लागतो आणि दादी-नानीची मान महिनाभरात दुखू लागते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, गादीवर किंवा दस्तरखानावर बसलेल्याचे अडीच फुटांवर. दोन्ही प्रकारे बसणारं घर असेल तर पडद्याचा मध्य तीन फुटांवर ठेवा. आणि बसवणारा येईल तेव्हा घरातल्या मोठ्यांना त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवूनच पेन्सिलची खूण करा.

नावांच्या जंजाळात फार अडकू नका. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे मागून एलईडीचा उजेड टाकलेला एलसीडी. ‘क्यूएलईडी’ हाही एलसीडीच, रंग सुधारणारा एक थर जास्त असतो. ‘ओएलईडी’ मात्र वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि किंमतही तशीच असते. फोर-के म्हणजे 3840 गुणिले 2160 ठिपके. 43 इंच आणि पुढे आता बहुतेक फोर-केच मिळतात. पण केबलचे साधे, एचडी नसलेले चॅनेल पडदा मोठा झाला की अधिकच पुसट दिसतात. घरात दिवसभर तेच लागत असतील तर मोठ्या टीव्हीआधी एचडी सेट-टॉप बॉक्स आणि एचडी चॅनेलचा विचार करा. इंटरनेटवरून फोर-के बघायचं तर 15 ते 25 एमबीपीएसचा वेग टीव्हीपर्यंत पोचायला हवा. राउटर बेडरूममध्ये आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल तर तो पोचत नाही.

महिन्याचा खर्च नको असलेल्यांसाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे, तिला भाडं नाही. तिची छत्री नवी मुंबईतून आग्नेयेकडे, म्हणजे दक्षिण-पूर्वेला वळवावी लागते. फक्त पश्चिमेला खिडकी असलेल्या फ्लॅटला ती गच्चीवरच लावावी लागेल, आणि त्यासाठी सोसायटीला आधी विचारा.

पैसे कसे द्यायचे, हा आपल्या वाचकांसाठी खरा नाजूक मुद्दा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे व्याज नाही, असं काउंटरवर सांगतात. कार्डवर घेतलेल्या अशा हप्त्यांत बँक बहुधा व्याज लावतेच. तेवढी रक्कम सूट म्हणून किमतीतून आधी वजा केलेली असते. समजा व्याज 1,500 रुपये झालं, तर त्यावर 18 टक्के जीएसटीचे 270 रुपये तुमच्याच खिशातून जातात, शिवाय प्रोसेसिंग फी. कार्डच्या स्टेटमेंटवर ‘व्याज’ हा शब्द स्वच्छ छापून येतो. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. व्याजापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी सही करण्याआधी ‘व्याजाची ओळ स्टेटमेंटवर येणार का’ एवढंच विचारावं. उत्तर हो असेल तर पुढचा प्रश्न आपल्या आलिमांना विचारण्याचा आहे, सेल्समनला नव्हे. आणि एकरकमी दिले तर किती कमी कराल, हेही विचारा. बऱ्याचदा तिथे थोडी सूट निघते.

टीव्ही घरी आला की खोका उभाच ठेवा, आडवा करू नका. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून मगच उघडा. पडदा फुटला तर वॉरंटी लागू होत नाही, आणि तो वाटेत फुटला की घरात, हे नंतर सिद्ध करणं कठीण. खोक्यावरचा, टीव्हीच्या मागचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळतोय ना ते पाहा. भिंतीचा कंस मोफत आहे की त्याचे वेगळे पैसे, हे दुकानातच लिहून घ्या.

खारघर, उलवे, तळोजाच्या नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. टकटक करून पोकळ किंवा भुसभुशीत आवाज आला तर नेहमीचे छोटे प्लग चालत नाहीत, त्या ब्लॉकसाठीचे लांब अँकर लागतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू देऊ नका, वायर तिथूनच गेलेली असते. नव्या टीव्हीवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंग मात्र हवंच. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर केबलची वायरही काढा.

आमच्या घरी नवा टीव्ही लागला तेव्हा बसवणाऱ्याने जुनीच पिवळी-लाल-पांढरी वायर जोडली आणि निघून गेला. पंधरा दिवस सगळ्या निवेदिका जाड दिसत होत्या. अब्बा म्हणायचे, जुनाच बरा होता. मग शेजारच्या मुलाने एचडीएमआय वायर लावली, सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र 16:9 आणि 1080 केलं, आणि टीव्ही एकदम नवा झाला. तुमच्याकडेही आधी हेच तपासा. जुने टीव्ही 4:3 आकाराचे होते, त्या काळातल्या मालिका आता बघताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या बरोबर आहेत. चित्र ताणून पट्ट्या घालवू नका.

पहिल्यांदा चालू करताना ‘होम’ निवडा, ‘स्टोअर’ नको. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’वर आणा. दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. सिनेमा बघताना माणसं सरकल्यासारखी गुळगुळीत हलत असतील तर मोशनची सेटिंग बंद करा, क्रिकेटला हवी तर थोडी ठेवा. तुम्ही काय बघता याची माहिती कंपनीला पाठवण्याची परवानगीही बऱ्याच स्मार्ट टीव्हींत सुरुवातीलाच मागतात. घाईत सगळ्याला ‘मान्य’ दाबलं असेल तर प्रायव्हसीच्या मेन्यूत जाऊन ती बंद करता येते. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि पिन घाला. पिन तुमची जन्मतारीख नको, ती मुलांना पाठ असते.

मक्केची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रमजानात हरमची तरावीह थेट लागते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि त्याच हॉलमध्ये कुणी झोपलेलं असतं. ब्लूटूथ असलेला टीव्ही घेतला तर दादीला हेडफोन लावून देता येतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी आवाज वाढवण्यापेक्षा साउंड मेन्यूत बोलणं स्पष्ट करणारा मोड शोधा.

टीव्ही परत करायची मुदत दुकानागणिक वेगळी आणि बहुधा थोड्याच दिवसांची असते. पहिल्याच रात्री खोलीतले दिवे बंद करून पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावा. मेलेले ठिपके, कडेने झिरपणारा उजेड लगेच दिसतो. दुकान आणि कंपनी दोघेही दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, टीव्ही मुंबईतून घेतलेला असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला दोन-चारशेत देण्याआधी दुकानात एक्सचेंज आहे का विचारा. त्याच्या काचेत शिसं असतं, आणि तो फोडला जातो तो बहुधा एखाद्या वस्तीतल्या गल्लीतच, जिथे मुलं खेळत असतात.