सापांमधील उष्णतासंवेदी खळगे
उष्णतासंवेदी खळगे हे काही सापांच्या चेहऱ्यावरील, भक्ष्याच्या शरीरातून निघणारी उष्णता टिपणारे इंद्रिय आहे. साप अंधारात उष्णतेवरून भक्ष्य शोधतात असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही. हे इंद्रिय चापडा, रॅटलस्नेक व त्यांचे जवळचे नातलग, बहुतेक अजगर आणि काही बोआ एवढ्यांनाच असते. महाराष्ट्रातील नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार प्रमुख विषारी सापांना असे खळगे नसतात.

सह्याद्रीत आढळणाऱ्या चापड्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना एकेक ठळक खळगा असतो. प्रथम पाहणाऱ्यास ती दुसरी नाकपुडीच वाटते. अजगराचे खळगे ओठांवरील खवल्यांत ओळीने असतात. ते तुलनेने साधे व कमी संवेदनक्षम असतात.

रचना व कार्य

चापड्याच्या गटातील सापांत खळग्याच्या पोकळीत सुमारे १५ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा सुमारे ६५ वा भाग) जाडीचा पडदा ताणलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांना हवा असल्याने अत्यल्प उष्णतेनेही तो तापतो. रॅटलस्नेकच्या बाबतीत ०.००३ अंश सेल्सिअस इतका सूक्ष्म फरकही जाणवतो, असे १९५० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. पडद्यातील केशवाहिन्यांचे दाट जाळे त्याला लगेच पूर्वस्थितीत आणते. अन्यथा उंदीर पुढे सरकला तरी त्याची उष्ण छाया मागे रेंगाळली असती.

डोळ्यात प्रकाशामुळे रासायनिक बदल होतो. येथे तसे काही घडत नाही. अवरक्त किरणांनी पडदा केवळ तापतो आणि त्यातील चेतातंतूंची टोके उद्दीपित होतात. या टोकांवरील ‘टीआरपीए१’ नावाचे प्रथिन उष्णतेला प्रतिसाद देते, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. माणसात हेच प्रथिन मोहरीचा झणका जाणवून देते, ही मोठी गमतीची गोष्ट होय.

खळग्याचे तोंड रुंद असल्याने उमटणारी प्रतिमा अंधूकच असते. मात्र मेंदूच्या ज्या भागात डोळ्यांकडून संदेश येतात, तेथेच खळग्यांचे संदेशही पोहोचतात व दोहोंचा मेळ घातला जातो. त्यामुळे भोवतालापेक्षा उबदार असलेल्या जवळच्या भक्ष्यावर साप काळोखातही अचूक झडप घालू शकतो.

शिकारीखेरीज, उन्हाच्या वेळी थंड आसरा शोधण्यासाठीही रॅटलस्नेक या खळग्यांचा उपयोग करतात.